त्रुबेत्स्कोय बुरुजातील तुरुंग-संग्रहालय

सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यातील हे संग्रहालय झारशाहीच्या अभ्यासकाने चुकवू नये. १८७०-७२ मध्ये उभारलेल्या या तुरुंगात अराजकतावादी विचारवंत क्रोपोत्किन, क्रांतिकारक वेरा फिग्नेर आणि १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या घडवणाऱ्या ‘नरोद्नाया वोल्या’ या गुप्त क्रांतिकारी संघटनेचे अनेक कार्यकर्ते डांबले गेले होते. कोठडीत फारसे काही नाही. मात्र एकांतवासातले कैदी भिंतीवर ठोके देत, एकेक अक्षर जुळवत शेजाऱ्याशी बोलत, हे ठाऊक असले की त्या जाड भिंतीपुढून पाय निघत नाही. हिंसेचे समर्थन माझ्याने होणार नाही, पण सनदशीर विरोधाच्या वाटा सत्तेनेच बुजवल्या होत्या, हेही विसरता येत नाही. याच किल्ल्यातील कॅथीड्रलमध्ये अलेक्झांडरची कबर आहे. तीही त्याच फेरीत अवश्य पाहावी.