पंधरा महिने दूरशिक्षणाने एचआर शिकताना : चाकणच्या टाइम ऑफिसमधून

चाकणच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं टाइम ऑफिसला आहे. मस्टर, पंचिंगच्या चुका, ओटी, पीएफचं चलन, नव्या मुलांची जॉइनिंगची कागदपत्रं, सगळं काम हाताखालून गेलेलं. शिक्षण मात्र बी.कॉम. वरची जागा निघाली की एचआरच्या पात्रतेपाशी गाडी अडायची. नोकरी सोडून कॉलेजला जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये एका मुक्त विद्यापीठाच्या मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेला प्रवेश घेतला. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

आधी वेळेचं बोलते, कारण सगळे तेच विचारतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. माझी पदविका ३० श्रेयांकांची, म्हणजे ९०० तास. वर्षभरात बसवायचे तर रोज अडीच तास. मला ते कधीच जमले नाहीत. पहाटे साडेचार ते पावणेसहा एवढीच वेळ माझ्या हातात होती. सहा वाजता डबे, सव्वासातला कंपनीची बस. म्हणून वर्षाचा अभ्यासक्रम मी दीड वर्षावर नेला, आणि ते बरंच झालं. लहान मूल असेल किंवा शिफ्ट फिरती असेल, तर पहिल्या दिवसापासून असाच हिशेब धरा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या ऑगस्टमध्ये प्रेस शॉपमधले एक काका निवृत्त झाले. नोकरी ११ वर्षं ७ महिने, शेवटचा बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिन्याला १८,२०० रुपये. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेचा, हिशेब त्यांना कुणीतरी महिन्याला ३० दिवस धरून १,०९,२०० सांगितला होता. त्याच आठवड्यात माझं ग्रॅच्युइटी कायद्याचं प्रकरण वाचून झालं होतं. काका समोर बसले आणि मी कागदावर मांडलं : महिन्याचे दिवस ३० नाही, २६ धरायचे, कारण साप्ताहिक सुट्ट्या वगळतात. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००. नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणजे १०,५००. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष मोजतात, म्हणून १२ वर्षं. एकूण १,२६,०००. काकांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हे सहीनिशी द्याल का?" १६,८०० रुपयांचा फरक होता. आठ वर्षं मी हे फॉर्म भरत आले होते, पण २६ का, हे मला माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

सिद्धांतांचे पेपर रुक्ष असतील असं वाटलं होतं. पण कामाच्या प्रेरणेवर लिहिणारा मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग वाचताना आमची दुसरी पाळीच डोळ्यांपुढे आली. तो म्हणतो, पगार, कामाची जागा, सोयी या नसल्या की माणूस नाराज होतो. पण त्या दिल्या म्हणून मन लावून काम करेलच असं नाही, त्यासाठी कामातच काही लागतं. आमच्याकडे महिन्याच्या उत्कृष्ट कामगाराचा फोटो लावायचे, आणि रात्री बस मात्र फाट्यावर सोडायची, तिथून गावात दीड किलोमीटर अंधारात चालत. गैरहजेरीच्या नोटिसा मीच टाइप करत होते. प्रकरण वाचल्यावर प्रथमच पोरांना विचारलं, "का येत नाही?" बस आता गावात जाते. हजेरी सुधारली, पूर्ण नाही.

तक्रारी खऱ्या आहेत. पुस्तकांचा गठ्ठा दोन महिने उशिरा आला. तोवर मोबाइलवर पीडीएफ वाचून डोळे दुखले. एका स्वाध्यायाचे गुण चढवायला तीन ईमेल आणि एक रजा गेली, तेव्हा पोचपावती जपून ठेवा. माझ्याकडे स्वाध्यायांना, म्हणजे घरून लिहून द्यायच्या उत्तरांना, ३० टक्के वजन होतं, उरलेलं लेखी परीक्षेला. रविवारच्या संपर्कसत्रांना सुरुवातीला चौदा जण होतो, शेवटी चार. पुस्तक शंका सोडवत नाही, आणि ही उणीव सगळ्यात जास्त जाणवली. आम्ही चौघींनी मग गुरुवारी रात्री फोनवर एकेक प्रकरण एकमेकींना समजावून सांगायला सुरुवात केली. जे पेपर पास झाले त्यातला मोठा वाटा त्या गुरुवारांचा.

सगळ्यात मोठी अडचण कायद्याच्या पेपरची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत सामावले. आमच्या पुस्तकात मात्र १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा जसेच्या तसे. मी समासात पेन्सिलीने नव्या तरतुदी लिहीत गेले. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही नोंद आमच्या कामाला रोज लागते.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना, ते त्यांच्या यादीत स्वतः पाहा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. आणि तुम्हाला कल्याण अधिकारी व्हायचं असेल, जे पद जुन्या कारखाने कायद्यात ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सक्तीचं होतं, तर त्या पदाच्या पात्रतेचे नियम वेगळे आहेत. ही पदविका त्यात बसते का, ते लेखी विचारून घ्या.

माझा एक पेपर राहिलाय, जूनमध्ये देणार. वाचून झालेली पुस्तकं कॉन्ट्रॅक्टरच्या एका सुपरवायझर ताईला दिली आहेत. ती चहाच्या सुट्टीत खुणा करून ठेवलेली पानं घेऊन येते आणि मी शिफ्ट सुटेपर्यंत तिला उत्तरं शोधून ठेवते.