ओझुरडेक्स : सात महिन्यांनंतर, आणि मुख्यतः डोळ्याच्या दाबाबद्दल

ओझुरडेक्स म्हणजे डोळ्यात घालायची, स्टेरॉइडची विरघळणारी काडी. सात महिन्यांपूर्वी ती मी उजव्या डोळ्यात घालून घेतली. काल त्या डोळ्याचा दाब १६ आला, दाब कमी करायचे थेंब बंद करून तीन आठवडे झाल्यावर. हाच दाब काडीनंतर सातव्या आठवड्यात ३२ होता. सामान्य दाब २१ पर्यंत धरतात. म्हणून आज लिहायला बसलो.

मधुमेह १९ वर्षांचा. डोळ्याच्या पडद्याच्या सुजेसाठी आधी रॅनिबिझुमॅब या औषधाची डोळ्यात पाच इंजेक्शनं झाली, पण ओसीटीवरची (पडद्याच्या स्कॅनवरची) जाडी ४८० मायक्रॉनवरून ४१० वर आली आणि तिथेच अडकली. दर महिन्याला पुण्याला जायचं म्हणजे एसटीची दोघांची तिकिटं आणि अख्खा दिवस. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइडची काडी घालू, चार-सहा महिने बघायला नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं असल्यामुळे ती भीती मला नव्हती. ज्यांचं स्वतःचं भिंग अजून शाबूत आहे त्यांनी मात्र हे आधी विचारावं. या काडीच्या मुख्य चाचणीत अशा डोळ्यांपैकी सुमारे ६८ टक्के डोळ्यांना तीन वर्षांत मोतीबिंदूचा त्रास झाला होता.

काडी ६ मिलिमीटरची, जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी, औषध ०.७ मिलिग्रॅम. 'टक्' असा आवाज आला, डोळ्यावर दाब पडल्यासारखं वाटलं, टाका नाही, संध्याकाळी घरी. पुढचे काही आठवडे मान हलवली की नजरेच्या वरच्या कडेला एक करडी रेघ डुलायची. काडी बसते खाली, आपल्याला दिसते वर. ती आपोआप विरघळते, काढावी लागत नाही.

गुण दुसऱ्या आठवड्यापासून जाणवला. बाथरूमच्या टाइल्समधली जी रेघ मला दोन वर्षं मध्ये वाकलेली दिसत होती, ती एका सकाळी सरळ दिसली. मी बायकोला हाक मारून बोलावलं.

आणि मग सातवा आठवडा. वाचायच्या चष्म्याचा नंबर काढायला गावातल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सहज दाब मोजला. ३२! डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, उलट नजर छान होती. स्टेरॉइडने दाब वाढतो तो बहुधा दीड-दोन महिन्यांच्या सुमारास, आणि गुपचूप. माझ्या डिस्चार्ज कागदावर फेरतपासणी होती तीन महिन्यांनी. तोवर डोळ्याची नस तो दाब सोसत राहिली असती, आणि नसेचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

दमा नाही ना, हे विचारून त्यांनी टिमोलॉल-ब्रिमोनिडीनचे थेंब दिले, दिवसातून दोनदा. पंधरा दिवसांत २१. मी हॉस्पिटलला जाऊन भांडलो. काउंटरवर एकच उत्तर, "काका, सगळ्यांना तीन महिन्यांचीच तारीख देतो." त्या रात्री मी ठरवलं होतं की 'ही काडी घेऊ नका' असं लिहायचं.

आता तसं वाटत नाही. तिसऱ्या महिन्यातल्या ओसीटीत जाडी २८५ आली, पाच इंजेक्शनांनी जे झालं नव्हतं ते. चूक काडीची नव्हती, कागदावरच्या तारखेची होती. गावात दाब मोजायला दहा मिनिटं लागतात आणि साधी तपासणी फी. पाच आकडी बिल भरलेल्या माणसाला एवढं सांगायला कुणाचं काय जात होतं?

मेडिक्लेमने आधी '२४ तास ॲडमिट नाही' म्हणून नकार दिला. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) आधुनिक उपचारांच्या यादीत डोळ्यातली इंजेक्शनं आहेत, हे लेखी कळवल्यावर पॉलिसीतल्या मर्यादेइतके पैसे मिळाले. साखर काडीमुळे वाढली नाही, निदान माझ्या ग्लुकोमीटरवर तरी.

सहा महिने मात्र धरू नका. पाचव्या महिन्यात जाडी पुन्हा ३४० झाली, आता त्याहून जास्त आहे. पुढच्या गुरुवारी दुसरी काडी. या वेळी चौथ्या, सातव्या आणि दहाव्या आठवड्याच्या तारखा डॉक्टरांकडून फाइलवर आधीच लिहून घेतल्यात. दाब गावातच मोजणार, आकडा त्यांना फोनवर कळवणार.