शाहूपुरीतील मत्स्यालय-साहित्याचे दुकान आणि आफ्रिकी बेडूक

शाहूपुरीतील एका जुन्या मत्स्यालय-साहित्याच्या दुकानात शोभेच्या माशांबरोबर आफ्रिकी बेडूकही विकायला असतात. मी तेथून झेनोपस लेव्हिस जातीची पांढरी जोडी, काचेची टाकी, फिल्टर आणि झाकण असे सारे साहित्य घेतले असून, कोल्हापूरचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. माझे मत असे की टाकी या दुकानातून निःशंकपणे करून घ्यावी. बेडूक मात्र प्रत्येकाने स्वतः पारखून घ्यावा.

टाकीच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. काच कापण्यापूर्वीच कारागिराने टाकीत कोणता प्राणी राहणार आहे हे विचारले आणि उंचीपेक्षा लांबी-रुंदी वाढवण्याचा सल्ला दिला. तो योग्यच होता, कारण हा बेडूक आयुष्यभर पाण्यात राहत असला तरी फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्यासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. सिलिकॉनचे सांधे स्वच्छ आहेत आणि जाळीचे झाकण घट्ट बसते. झाकणाची ही बाब किरकोळ समजू नये, कारण पावसाळी हवेत झेनोपस टाकीबाहेर पडण्याची संधी सोडत नाही. फिल्टरच्या बाबतीतही मालकांनी जोरदार प्रवाह सोडणारा महागडा पॉवर फिल्टर गळ्यात न मारता साधा स्पंज फिल्टर दिला. या बेडकाच्या अंगावर दोन्ही बाजूंना टाके घातल्यासारख्या खुणा असतात. त्यांच्याद्वारे त्याला पाण्यातील बारीकसारीक हालचाल कळते, म्हणून सततचा जोरदार प्रवाह त्याला मानवत नाही. रंगीत खडीचा आग्रह तेवढा नाकारावा. झेनोपसला जीभ नसते, तो पुढच्या पायांनी अन्न तोंडात कोंबतो आणि त्याबरोबर खडेही गिळतो.

माझी मुख्य तक्रार पाटीबद्दल आहे. दुकानात ‘आफ्रिकन फ्रॉग’ या एकाच पाटीखाली दोन वेगळे प्राणी ठेवलेले असतात. त्यांपैकी हायमेनोकायरस हा बुटका बेडूक जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा राहतो आणि त्याला उबदार पाणी लागते. उलट झेनोपसची मादी दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत वाढते, तिला १८ ते २४ अंश सेल्सिअसचे थंडसर पाणी मानवते आणि तोंडात मावेल तो मासा ती फस्त करते. लहानपणी दोघे सारखेच दिसत असल्यामुळे गप्पी माशांच्या टाकीत झेनोपस सोडणाऱ्या ग्राहकाचे काय होणार, हे सांगायला नको. ओळखण्याची खूण सोपी आहे: बुटक्या बेडकाच्या चारही पायांना पडदे असतात, तर झेनोपसच्या पुढच्या पायांची बोटे सुटी असतात. एवढी माहिती पाटीवर लिहायला दुकानाला खर्च येत नाही.

पाण्याविषयीचा सल्ला बरा होता. नळाच्या पाण्यातील क्लोरीन बेडकाच्या त्वचेला घातक असल्याने अँटीक्लोरीनची बाटली मालकांनी स्वतःहून दिली आणि तिचे प्रमाणही नीट समजावले. हीटर मात्र जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकाला विकला जातो. झेनोपससाठी कोल्हापुरातल्या घरात त्याची गरज नाही. येथे खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत लागते. त्या दिवसांत टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवून जाळीवर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनामुळे पाण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. दुकानात चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, मिळत नाही आणि तसे ते स्पष्ट सांगतात.

खाद्याच्या गोळ्या आणि गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) येथे ताजे मिळतात. रोज खाऊ घालण्याची सूचना मात्र पाळू नये. प्रौढ बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा खाद्य पुरते, आणि हा प्राणी इतका हावरट आहे की पोट भरल्यावरही थांबत नाही. परिणामी पाणी लवकर नासते.

आयुष्याबद्दल विचारले असता चार-पाच वर्षे असे उत्तर मिळाले. वास्तविक झेनोपस चांगल्या निगराणीत १५ वर्षे सहज जगतो, काही २० वर्षांपुढेही जातात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कंटाळलेला मालक बेडूक रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडून देण्याचा धोका असतो. १९३०च्या दशकात ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या संशोधनातून या बेडकाचा गर्भधारणेच्या चाचणीसाठी उपयोग सुरू झाला आणि दक्षिण आफ्रिकेतून तो जगभर पाठवला गेला. पुढे सुटलेल्या व सोडलेल्या बेडकांनी कॅलिफोर्निया, चिली आणि फ्रान्समध्ये बस्तान बसवले. शिवाय स्वतः फारसा आजारी न पडता तो कायट्रिड या इतर बेडकांना घातक असलेल्या बुरशीचा वाहक ठरू शकतो. अत्यंत मर्यादित परिसरात आढळणारा आंबोलीचा भेक (बेडकाचीच एक जात) आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर असताना येथील दुकानदाराने हा विषय हसण्यावारी नेऊ नये.

नको झालेला बेडूक परत घेऊ, असे मालकांनी मला तोंडी सांगितले आहे. खरेदी करणाऱ्याने ते पावतीवर लिहून मागावे आणि त्याच पावतीवर प्राण्याचे पूर्ण नावही घालून घ्यावे. मागितल्यावर त्यांनी माझ्या पावतीवर नाव लिहिले, परतीचे कलम मात्र लिहिले नाही.