नेक्सस 7 वर उबुंटू टच : काठावरून चालणारा सात इंची टॅब

उबुंटू टच म्हणजे फोन आणि टॅबवर अँड्रॉइडऐवजी टाकता येणारी लिनक्स प्रणाली. ती पहिल्यांदा हातात घेणारा माणूस आधी 'होम'चं बटण शोधतो. ते इथे नाही, 'बॅक'ही नाही. सगळं काम पडद्याच्या चार काठांवरून चालतं आणि दोन दिवसांत बोटांना त्याची इतकी सवय होते की अँड्रॉइडचा फोन उचलल्यावरही अंगठा डाव्या काठाकडे जातो. सात इंची टॅबवर ही रचना फोनपेक्षाही चांगली बसते. अडचण आहे ती खालच्या जुन्या यंत्राची, आणि ती समजून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

यंत्र म्हणजे गूगलसाठी असुसने 2013 साली बनवलेला दुसऱ्या पिढीचा नेक्सस 7. पडदा सात इंचांचा, 1920 बाय 1200 पिक्सेलचा. रॅम 2 जीबी, साठवण 16 किंवा 32 जीबी, मेमरी कार्डाची सोय नाही. वजन जेमतेम 290 ग्रॅम. गूगलने याला अँड्रॉइड 6.0.1 पर्यंत नेलं आणि तिथे सोडलं. उबुंटू टच कॅनॉनिकल कंपनीने 2013 मध्ये जाहीर केलं, 2017 मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. तेव्हापासून यूबीपोर्ट्स हा स्वयंसेवकांचा गट ते सांभाळतो.

हा टॅब आता जुन्यातच मिळणार. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचारता येईल, किंवा बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात नजर टाकता येईल. जुन्या बाजारात परत करण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून पॉवर बँक आणि चांगली मायक्रो यूएसबी केबल सोबत न्या आणि जागेवरच तपासा. टॅब सपाट काचेवर पाठीवर ठेवा. डुगडुगला तर आतली बॅटरी फुगली आहे, लगेच खाली ठेवा. मग केबल लावून पिन हलकेच वर-खाली हलवा. चार्जिंगचं चिन्ह येत-जात असेल तर पोर्ट ढिलं आहे, आणि या पोर्टातूनच सगळं इन्स्टॉलेशन व्हायचं आहे. तिसरी तपासणी स्पर्शाची. होम स्क्रीनवरचा एखादा आयकॉन दाबून धरा आणि पडद्याच्या कोपऱ्या-कोपऱ्यातून सावकाश फिरवा. मध्येच सुटला तर तिथला स्पर्श मेला आहे. काठांवर तर हे विशेष पाहा, कारण या प्रणालीत काठ मेला की टॅब मेला. बॅटरी बदलावी लागलीच तर सी11पी1303 या क्रमांकाची मागा. मागचं झाकण स्क्रूशिवाय नुसत्या खाचांवर बसलेलं असतं, प्लॅस्टिकच्या पट्टीने निघतं.

पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र दाबून टॅब सुरू केला की बूटलोडरचा, म्हणजे प्रणालीच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, पडदा येतो. तिथे प्रॉडक्ट नेमपुढे 'फ्लो' हे वाय-फायवाल्या प्रकाराचं सांकेतिक नाव लिहिलेलं असायला हवं. 'डेब' असेल तर तो सिमकार्डवाला प्रकार, तो या कामासाठी घेऊ नका.

टाकण्याची कृती सरळ आहे. सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा. बूटलोडरमध्ये जाऊन टॅब संगणकाला जोडा आणि संगणकावरच्या फास्टबूट या साधनाने 'फास्टबूट ओईएम अनलॉक' ही आज्ञा द्या. याने बूटलोडरचं कुलूप उघडतं आणि टॅबमधलं सगळं पुसलं जातं, फोटोबिटो असतील तर आधीच काढून ठेवा. मग संगणकावर यूबीपोर्ट्स इन्स्टॉलर उघडा, यादीतून यंत्र निवडा, चॅनेल 'स्टेबल' ठेवा आणि पहिल्या वेळी जुना डेटा पुसण्याच्या चौकटीत खूण करा. बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या. इन्स्टॉलर यंत्राची वाट पाहत अडकून बसला, तर आधी केबलवर संशय घ्या. नुसती चार्जिंगची केबल असेल तर डेटा जातच नाही, आणि घरातल्या निम्म्या केबली तशाच असतात. विंडोजवर दुसरं कारण म्हणजे ड्रायव्हर नसणं, लिनक्सवर यूडेव्हची (जोडलेली यंत्रं हाताळणाऱ्या भागाची) परवानगी नसणं. टॅब थिजलाच तर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा आणि बूटलोडरपासून पुन्हा सुरू करा. बूटलोडर शाबूत आहे तोवर टॅब वाया जात नाही.

आता काठ. डावीकडून थोडं आत ओढलं की आवडत्या ॲपची उभी पट्टी येते, लांब ओढलं की सगळ्या ॲपची यादी. उजवीकडून झटकन ओढलं तर आधीचं ॲप, लांब ओढलं तर चालू असलेली सगळी ॲप पत्त्यांसारखी तिरकी मांडलेली दिसतात. सगळ्यात सुंदर वरचा काठ आहे. वाय-फायच्या चिन्हावरून बोट खाली ओढा, वाय-फायची यादी उघडते. बोट न उचलता तसंच आडवं सरकवा, ब्लूटूथ, आवाज, बॅटरी असे कप्पे एकापाठोपाठ एक बोटाखालून जातात. हव्या त्या कप्प्यावर बोट सोडा, काम झालं. एवढी विचारपूर्वक केलेली गोष्ट मोठ्या कंपन्यांच्या टॅबवरही क्वचित दिसते. टॅब आडवा धरून तीन बोटांनी ॲप ओढलं की ते उजव्या बाजूच्या अरुंद कप्प्यात बसतं: डावीकडे पुस्तक, उजवीकडे टिपणं. मात्र कडा उंच असलेलं कव्हर लावू नका, बोट काठापर्यंत पोचतच नाही आणि माणूस प्रणालीला दोष देत बसतो.

मराठी वाचनासाठी पडदा उत्तम आहे. इंचाला 323 पिक्सेल असल्यामुळे वेलांट्या, रफार, जोडाक्षरांच्या बारीक गाठी स्वच्छ दिसतात. दिवाळी अंकाची पीडीएफ उभ्या टॅबवर बारीक वाटते. आडवा धरून अर्धं-अर्धं पान वाचलं तर डोळ्यांना त्रास नाही. फाइल यूएसबीने डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये टाकायची. ईपब पुस्तकांसाठी ओपनस्टोअर या उबुंटू टचच्या ॲप-दुकानातलं 'बेरू' पुरेसं आहे. पुण्यातच घडलेल्या श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या पीडीएफ नीट दिसतात, पण त्यांत शब्द शोधता येत नाही. तो दोष फाइलीच्या घडणीचा आहे, टॅबचा नव्हे. मराठीत बरंच टाइप करायचं असेल, तर सेटिंग्जमधली कीबोर्डांची यादी सर्वांत आधी पाहून घ्या.

काय गैरसोयीचं आहे तेही स्पष्ट सांगायला हवं. अँड्रॉइडची ॲप इथे चालत नाहीत. म्हणजे यूपीआय नाही, बँकेचं ॲप नाही. व्हॉट्सॲप वेबपुरतंच, तेही फोन जोडून आणि साइटने ब्राउझर स्वीकारला तर. मॉर्फ हा ब्राउझर जुन्या क्रोमियमवर बेतलेला असल्याने जड साइट रेंगाळतात, काही नीट उघडत नाहीत. मूळ कारण असं की या टॅबचा प्रवास उबुंटू 16.04 वर बेतलेल्या शाखेपाशीच थांबला. त्या शाखेची शेवटची आवृत्ती ओटीए-25. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तर 3.4, टॅबच्याच काळातला. पुढच्या दुरुस्त्या इथे पोचत नाहीत. म्हणून पैशांचे व्यवहार आणि महत्त्वाचे पासवर्ड या टॅबवर ठेवूच नयेत. इथे तडजोड नको.

नवख्याला गोंधळात टाकणाऱ्या दोन गोष्टी आणखी. मागे गेलेलं ॲप प्रणाली गोठवून टाकते. बॅटरी त्यामुळेच वाचते, पण टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) चालू असलेलं मोठं कामही तिथेच थांबतं. संगीत वाजत राहतं, बाकी सगळं झोपतं. यूटी ट्वीक टूल घेऊन निवडक ॲपना यातून सूट देता येते. दुसरं, मूळ फाइल प्रणाली फक्त वाचण्यापुरती खुली असते. लॅपटॉपवरच्या लिनक्सच्या सवयीने कुणी एपीटी या आज्ञेने पॅकेज टाकायला जातो, रीमाउंट करून (ती लिहिण्यासाठी खुली करून) टाकतोही, आणि पुढच्या अपडेटला ते सगळं पुसलं जातं. त्यासाठी लिबर्टाइनचे कंटेनर, म्हणजे डेस्कटॉपची ॲप मूळ प्रणालीपासून वेगळी ठेवणारे कप्पे, आहेत, पण 2 जीबी रॅमवर डेस्कटॉपची मोठी ॲप कंटाळवाणी होतात आणि सात इंचांवर त्यांची बटणं बोटाला सापडत नाहीत.

इंजिनिअरिंगला असलेल्या, लिनक्स हाताने शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आणि शांतपणे वाचत बसणाऱ्यांसाठी हा टॅब मनापासून सुचवावा असा आहे. ब्लूटूथ कीबोर्ड जोडला की टर्मिनल, एसएसएच (दूरच्या संगणकावर आज्ञा देण्याची सोय), छोट्या स्क्रिप्ट मजेत चालतात. घरातला एकमेव टॅब म्हणून मात्र घेऊ नका, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलसाठी तर नकोच.

परत अँड्रॉइडवर जायचं झालं तर गूगलची फॅक्टरी इमेज, म्हणजे मूळ अँड्रॉइडची पूर्ण प्रत, उतरवा. इथे नावाचा घोळ आहे: यंत्र 'फ्लो', पण इमेजचं नाव 'रेझर'. 'रेझरजी' ही सिमवाल्या टॅबची, ती चुकून उतरवू नका. झिप उघडून बूटलोडरमध्ये टॅब जोडा, 'फ्लॅश-ऑल' ही स्क्रिप्ट चालवा आणि पडदा पुन्हा उजळेपर्यंत केबलला हात लावू नका.