मुरुमांचे काळे डाग: ॲझेलेइक ॲसिड, ॲडापलीन, पील की लेझर?

मेडिकलमध्ये जाऊन "चेहऱ्यावरच्या डागांसाठी काहीतरी द्या" म्हटलं, की बऱ्याचदा डॉक्टरची चिठ्ठी न मागताच एक छोटी ट्यूब हातात पडते. दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळतो, डाग फिके दिसू लागतात, आणि मग तीच ट्यूब मैत्रिणीला, मावसबहिणीला सुचवली जाते. तिच्यावर बारीक अक्षरांत तीन नावं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड आहे. ही ट्यूब घ्यायच्या बेतात असलेल्या प्रत्येकाने आधी बाकीचे पर्याय नीट पाहावेत, असं मला मनापासून वाटतं. ते हळू काम करतात, पण चेहऱ्याचं वाटोळं करत नाहीत.

आधी डाग कोणता आहे ते पाहा. काचेचा पारदर्शक ग्लास डागावर हलकेच दाबा. लालसर डाग दाबल्यावर फिका पडत असेल, तर तो रक्तवाहिन्यांचा आहे. तो बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप ओसरतो, आणि काळे डाग घालवणारी मलमं त्याच्यावर फारशी चालत नाहीत. बोट फिरवल्यावर खड्डा लागत असेल तर तो व्रण. कुठल्याही क्रीमने खड्डा भरत नाही, त्याचे उपचार वेगळे. उरला तो सपाट, तपकिरी किंवा काळपट डाग. पुढचं सगळं त्याच्याविषयी आहे.

मुरुमाच्या सुजेमुळे रंगपेशी चाळवतात आणि जास्तीचं मेलॅनिन तयार करतात. ते वरच्या थरात राहिलं तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत, फार तर वर्षभरात फिका होत जातो. खालच्या थरात उतरलं तर निळसर-राखाडी छटा येते, आणि तो वर्षानुवर्षंही रेंगाळू शकतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी मुळातच तापट असतात. मुरूम फोडला, स्क्रबने खसाखसा घासलं, एखादं क्रीम झोंबत असतानाही नेटाने लावत राहिलं, तर त्या जळजळीतूनच नवा डाग उठतो. म्हणून पर्याय तोलताना "कशाने लवकर जाईल" याच्याबरोबर "कशाने त्वचा कमी चिडेल" हेही विचारायला हवं. माझ्या लेखी दुसरा प्रश्न जास्त मोलाचा.

सनस्क्रीन मी पर्यायांत धरतच नाही. ते नसेल तर बाकीच्या कशावरही पैसे घालण्यात अर्थ नाही. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आपल्यासारख्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो, आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन तो बऱ्यापैकी अडवतं. दोन्हींतून निवडायचं असेल तर टिंटेड घ्या. स्कूटरवर बांधायचा स्कार्फ उन्हापासून थोडीफार मदत करतो, पण सनस्क्रीनची जागा घेत नाही. शिवाय तोच घामट स्कार्फ रोज गालावर घासत राहिला तर तिथे नवे मुरूम येतात, तेव्हा तो रोज धुतलेला हवा.

आता खरी निवड: ॲझेलेइक ॲसिड की ॲडापलीन. दोन्ही मुरूम आणि डाग या दोन्हींवर चालतात, दोन्ही घरच्या घरी लावता येतात, आणि एक ट्यूब काही शे रुपयांत मिळते.

ॲझेलेइक ॲसिड आपल्याकडे मुख्यतः १०% आणि २०% मिळतं, काही ठिकाणी १५% जेलही. याची खुबी अशी, की ते अति काम करणाऱ्या रंगपेशींना आवरतं आणि आसपासच्या नेहमीच्या त्वचेचा रंग सहसा तसाच ठेवतं. पहिले दोन-तीन आठवडे लावल्यावर काही मिनिटं चुरचुरतं, खाजही सुटते. ओल्या चेहऱ्यावर लावलं तर जास्तच. तोंड धुऊन, पुसून, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावलं तर बहुतेकांना सोसतं. सकाळ-संध्याकाळ लावता येतं. गरोदरपणातही डॉक्टर सहसा याला हरकत घेत नाहीत, आणि हा फायदा ॲडापलीनमध्ये नाही.

ॲडापलीन ०.१% जेल रात्रीचं औषध. ते त्वचेची नूतनीकरणाची गती वाढवतं, छिद्रं तुंबू देत नाही, आणि नवे मुरूम रोखण्यात ॲझेलेइकपेक्षा उजवं ठरतं. पण सुरुवातीचा काळ कठीण जातो: कोरडेपणा, ओठांच्या कडेला आणि नाकपुड्यांशी निघणारी सालं, कधी कधी मुरूम थोडे वाढल्यासारखे दिसणं. मटारच्या एका दाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला पुरतं. फक्त डागावर ठिपका देऊन उपयोग नाही, पातळ थर सगळीकडे हवा. पहिले काही आठवडे एक रात्र आड, आणि आधी मॉइश्चरायझर. ओठांच्या कोपऱ्यांना आणि नाकाच्या कडांना पेट्रोलियम जेली लावून ठेवली तर सालं कमी निघतात. चेहऱ्यावर वॅक्सिंग करत असाल तर आधी काही दिवस जेल बंद ठेवा, नाहीतर केसांबरोबर कातडीही निघते आणि तिथे हमखास डाग पडतो.

तर कुणी काय घ्यावं? नवे मुरूम जवळपास थांबलेत आणि डागच उरलेत, किंवा त्वचा नाजूक आहे, किंवा मूल होऊ द्यायचा विचार आहे: ॲझेलेइक. नाकावर-कपाळावर काळे-पांढरे ठिपके आणि पुटकुळ्या अजून येतच आहेत: ॲडापलीन. दोन्ही हवी असतील तर आधी एकाची सवय होऊ द्या, मग सकाळी ॲझेलेइक आणि रात्री ॲडापलीन. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा महिनेही. तिसऱ्या आठवड्यात ट्यूब बदलणाऱ्यांना कुठल्याच औषधाचा गुण येत नाही.

नायसिनामाइड आणि व्हिटॅमिन सी यांच्याविषयी थोडक्यात: दोन्ही सौम्य, दोन्ही मदतीला बरी, एकट्याच्या जोरावर गडद डाग काढतील अशी अपेक्षा नको. ४-५% नायसिनामाइड पुरेसं असतं, त्याहून चढ्या टक्केवारीसाठी जास्त पैसे मोजू नका.

आता त्या तीन नावांच्या ट्यूबकडे परत येऊ. या मिश्रणाचं मूळ १९७५ सालचं. अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन एकत्र केलं होतं. आपल्याकडच्या ट्यूबमध्ये त्या स्टेरॉइडच्या जागी मोमेटासोन असतं, आणि ते त्याहून जोरकस आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजक्या आठवड्यांसाठी अशी मिश्रणं वापरली जातात, ते ठीक. महिनोन्महिने फासलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि बंद करताच आग होऊन मुरूम दुप्पट जोराने उसळतात. मग त्या आगीला घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांवर चिठ्ठीची सक्ती केली, तरी काउंटरवरची सवय पुरती मोडलेली नाही. नुसतं हायड्रोक्विनोनही डॉक्टरनेच द्यावं आणि तीन-चार महिन्यांत थांबवावं. फार काळ लावत राहिलं तर त्याच्यामुळेच त्वचेवर निळसर-काळी झाक येऊ शकते आणि ती घालवणं अतिशय अवघड असतं.

पील (ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलवणं) आणि लेझर यांत पील आधी. सॅलिसिलिक, ग्लायकोलिक किंवा मँडेलिक ॲसिडचे हलके पील, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा वेळा. तेलकट, मुरूमप्रवण त्वचेला सॅलिसिलिक बरं. चार-सहा महिने मलमं लावून डाग अडून बसले असतील तर हा खर्च योग्य आहे, मात्र तो त्वचारोगतज्ज्ञाकडेच; पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन बाटली मागवून घरी नव्हे. ॲडापलीन चालू असेल तर ते पीलआधी किती दिवस थांबवायचं हे डॉक्टरला विचारून घ्या. लेझरची जाहिरात सगळ्यात चकचकीत, पण सावळ्या त्वचेत मुरुमांच्या डागांवर त्याचा परिणाम बेभरवशाचा आहे आणि त्याच्या उष्णतेने नवे डाग पडू शकतात. मी ते शेवटच्या पायरीवर ठेवेन.

लिंबाचा रस चेहऱ्यावर लावू नका. तो त्वचेला सोसवणार नाही इतका आंबट असतो, आणि लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. बेसन-हळदीने डाग जात नाहीत, पण न घासता लावलं तर बहुतेकांना त्रासही होत नाही.

लग्न दोन महिन्यांवर असेल तर नवीन काही जालीम सुरू करायची ही वेळ नव्हे. टिंटेड सनस्क्रीन, ॲझेलेइक, आणि उरलेलं मेकअपवाल्या ताईंवर सोडा. वर्षभर हाताशी असेल तर वर सांगितलेल्या क्रमाने जा. रात्री केसांना तेल चोपडून झोपायची सवय असेल आणि मुरूम कपाळावरच येत असतील, तर तेल फक्त केस धुण्याआधी तासभर लावा, उशीचा अभ्राही बदला.

मुरूम हनुवटी-जबड्यावर सतत येत असतील, पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर डागांचा खर्च थोडा लांबवा आणि आधी हार्मोन्सची तपासणी करून घ्या.