रोमन वारसा पाहायला क्रोएशियात जाताय? पूला की स्प्लिट

इटलीच्या सहलीला क्रोएशियाचे तीन-चार दिवस जोडणं आता सोपं झालंय. १ जानेवारी २०२३ रोजी हा देश शेंगेन क्षेत्रात आला आणि त्याच दिवशी त्याने युरो स्वीकारला. त्यामुळे वेगळा व्हिसा नको आणि वेगळं चलनही नको. गाडी अडते ती शहर निवडताना. एड्रियाटिक समुद्राच्या काठावर रोमन खुणा बघायच्या म्हटल्या की दोन नावं पुढे येतात: उत्तरेला इस्ट्रियातलं पूला आणि दक्षिणेला डाल्मेशियातलं स्प्लिट. दोन्हींत रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटरचं अंतर आहे. चार दिवसांत दोन्ही गाठायला गेलात तर एक अख्खा दिवस बसमध्ये जाईल. म्हणून एकच निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूलात रोम चटकन कळतं. तिथलं अँफिथिएटर, म्हणजे झुंजी आणि खेळांचं लंबगोल उघडं प्रेक्षागृह, ज्याला सगळे नुसतं अरेना म्हणतात, पहिल्या शतकातलं आहे. सुमारे १३२ मीटर लांब, १०५ मीटर रुंद, वीस हजारांवर माणसं बसतील एवढं. आतली दगडी आसनं पुढच्या शतकांत लोकांनी बांधकामासाठी उचलून नेली. बाहेरची भिंत मात्र पूर्ण फेर धरून उभी आहे आणि तिला जोडलेले चारही मनोरे शाबूत आहेत. रोमच्या कलोसियमची बाहेरची भिंत अर्ध्याहून जास्त ढासळलेली आहे, त्यामुळे अशी इमारत मुळात दिसायची कशी, ते समजायला पूलाच बरं. १५८३ मध्ये व्हेनिसच्या सिनेटमध्ये हे अरेना सुटं करून व्हेनिसला न्यायचा प्रस्ताव आला होता. गाब्रिएले एमो या सिनेटरने त्याला विरोध केला आणि ते वाचलं. एका मनोऱ्यावर त्याच्या नावाची शिलाही आहे.

अरेनाच्या तळघरात बहुतेक जण डोकावत नाहीत, तुम्ही जरूर जा. इस्ट्रियातलं ऑलिव्ह तेल आणि वाइन कशी तयार होई, ते तिथे मांडलंय. तेलाचे घाणे आहेत आणि तेल-वाइन वाहून नेणारे दोन कानांचे उंच मातीचे कुंभ, म्हणजे अँफोरा, आहेत. रोमन अँफोरांचे तुकडे आपल्याकडे नेवासे, जुन्नर आणि घारापुरीलाही सापडले आहेत. ते खापराचे तुकडे ज्याने संग्रहालयात पाहिलेत, त्याला इथे अख्खे कुंभ बघताना त्या व्यापाराचा आवाका जाणवेल.

बाकीचं पूला पायी होतं. फोरमवरचं, म्हणजे रोमन शहराच्या मुख्य चौकातलं, सम्राट ऑगस्टसचं मंदिर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलं होतं, ते युद्धानंतर पुन्हा उभारलं. सर्जी घराण्याची कमान इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकातली आहे. साल्विया पोस्तुमा नावाच्या स्त्रीने आपल्या घरातल्या पुरुषांच्या स्मरणार्थ ती बांधली आणि खर्च स्वतःच्या पैशातून केल्याचं तिच्यावर कोरून ठेवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा हा ठाम उल्लेख मला अरेनापेक्षाही जवळचा वाटतो. गाव मात्र सगळीकडे देखणं नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळात हा नौदलाचा मुख्य तळ होता, जहाजबांधणीच्या क्रेन अजून किनाऱ्यावर उभ्या आहेत. पोहायचं तर वेरुडेलाकडे, म्हणजे बसने थोडं लांब जावं लागतं.

स्प्लिटचं सगळं उलटं आहे. तिथे रोम वेगळं काढून दाखवता येत नाही, कारण लोक त्यातच राहतात. सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०५ मध्ये आपण होऊन सत्ता सोडली आणि जन्मगावाजवळ, सलोना शहराच्या परिसरात बांधून घेतलेल्या या महालात तो राहायला आला. सुमारे २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असा हा तटबंदीचा महाल आहे. सातव्या शतकात सलोना उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले लोक या तटाच्या आत आले आणि तेव्हापासून वस्ती मोडली नाही. रोमन कमानीत खिडकी बसवलेली दिसते, वर दोरीला कपडे वाळत असतात. १९७९ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

स्प्लिटला मी सर्वांत जास्त वेळ देईन तो कॅथेड्रलला, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला. डायोक्लेशियनने ३०३ पासून ख्रिस्ती लोकांचा फार मोठा छळ मांडला. त्याच छळात सलोनाचा बिशप डोम्नियस मारला गेला. आणि आजचं कॅथेड्रल म्हणजे खुद्द डायोक्लेशियनची समाधी, संत डोम्नियसच्या नावाने. सम्राटाची शवपेटी केव्हाच नाहीशी झाली. बाहेरच्या चौकात त्याने इजिप्तहून आणवलेला काळा स्फिंक्स मात्र बसलेला आहे, तो डायोक्लेशियनच्याही दीड हजारांहून अधिक वर्षं आधीचा. चौकाला लागून असलेल्या ज्युपिटरच्या मंदिराचं बाप्तिस्मागृह झालं. खालची तळघरं शतकानुशतकं कचऱ्याने भरलेली होती, त्यामुळेच ती टिकली. वरची राजदालनं आता नाहीत, पण तळघरांच्या आखणीवरून त्यांचा आराखडा कळतो. आधी तळघरं बघा, मग वर जा.

हे सगळं बघताना स्प्लिटमध्ये गर्दी सोसावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये क्रूझ जहाजं लागली की चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या फरशीवरून पावसात पाय घसरतो. सोबत वयस्कर माणसं असतील तर पूला जास्त सोपं जाईल. तिथली ठिकाणं सुटी सुटी आहेत, मधे बसायला जागा मिळते.

शाकाहारी लोकांची आबाळ दोन्हीकडे होत नाही. स्प्लिटच्या बाजारात सोपार्निक शोधा: दोन पातळ पोळ्यांमध्ये ब्लिट्वा ही पालकासारखी पालेभाजी भरून भाजलेला, वर लसूण-ऑलिव्ह तेल लावलेला पदार्थ. इस्ट्रियात ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) घातलेला फुजी पास्ता मिळतो. सॉसमध्ये मांस आहे का ते मात्र विचारून घ्या.

आजूबाजूचं काय, यावरही बराच निर्णय ठरतो. पूलाजवळच्या फाझानाहून बोटीने ब्रियुनी बेटांवर जाता येतं. तिथे रोमन व्हिलाचे अवशेष आहेत, आणि १९५६ च्या जुलैमध्ये युगोस्लाव्हियाचे टिटो (क्रोएशिया तेव्हा त्याच देशात होता), इजिप्तचे नासर आणि नेहरू भेटले तेही याच बेटांवर. पुढच्या अलिप्ततावादी चळवळीची बीजं तिथली. टिटोंच्या तिथल्या प्राणिसंग्रहात इंदिरा गांधींनी भेट दिलेले हत्तीही होते. स्प्लिटहून ब्राच, ह्वार, व्हिस ही बेटं फेरीने जोडलेली आहेत. शिवाय त्रोगिर हे आणखी एक जागतिक वारसा शहर अगदी जवळ आहे. चालत जाण्याच्या अंतरावर बाच्वित्से हा वाळूचा किनाराही आहे.

व्हेनिस किंवा त्रिएस्तेहून येत असाल, तीन दिवस असतील आणि आईवडील सोबत असतील, तर पूला घ्या. झाग्रेबहून रेल्वेने पूलाला जायचा बेत मात्र करू नका, इस्ट्रियातला रेल्वेमार्ग देशातल्या बाकीच्या जाळ्याला थेट जोडलेला नाही. पाच-सहा दिवस हाताशी असतील आणि समुद्रही हवा असेल, तर स्प्लिट. इटलीतल्या अंकोनाहून रात्रीची फेरी तिथे पोचवते. फक्त मुक्काम तटाच्या आत करू नका, बारचा आवाज रात्री उशिरापर्यंत चालतो. एक सकाळ सलोनाच्या अवशेषांसाठी ठेवा: सिटी बसने जाता येतं, गर्दी तुरळक असते आणि जिथले लोक महालात राहायला गेले ते शहर तिथे उघड्या माळावर पसरलेलं दिसतं. सावली नाही, पाणी सोबत घ्या.