माझ्याच दुकानाचं नाव शोधून मला ‘पहिला नंबर’ दाखवला

फोंड्याला घरातूनच मी काजू, आमसुलं आणि कोकम आगळ विकते. वेबसाइट आहे, पण चालते बेताचीच. चवथीच्या महिनाभर आधी एकाचा फोन आला. “ताई, तुमच्या साइटचा कोड कच्चा आहे, म्हणून गूगल तुम्हाला मागे ढकलतंय. पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी!” अठरा हजार, निम्मे आधी. दिले. कोडमधलं आपल्याला काय कळतंय?

पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर त्याने शोधून दाखवलं, तर माझी साइट सगळ्यात वर! मी हरखले, उरलेले नऊ हजार तिथल्या तिथे पाठवले. त्याने शोधलं होतं ते माझ्या दुकानाचंच नाव, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. ते नाव ज्याला ठाऊक आहे तो येणारच. ‘गोव्याचे काजू’ असं शोधायला लावायला हवं होतं.

चवथ आली तरी ऑर्डरी गेल्या वर्षीपेक्षा कमीच. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला आलेल्या भाच्याला म्हटलं, जरा बघ. त्याने साइट उघडून कंट्रोल आणि ए दाबलं. तळाशी जिथे कोरं पांढरं दिसायचं, तिथे निळ्या पट्ट्यांत अक्षरं उमटली: गोवा काजू स्वस्त काजू गोवा काजू ऑनलाइन... पन्नासेक ओळी, पांढऱ्यावर पांढऱ्या! असा लपवलेला मजकूर गूगलच्या नियमांत स्पॅम धरला जातो.

पानाच्या कोडमध्ये शोधशब्द लिहायचा कीवर्ड टॅग असतो, तोही ठासून भरलेला. रँकिंगसाठी तो बघत नाही, हे गूगलने 2009 सालीच सांगितलंय. आणि काजूच्या पाकिटाला 4.9 तारे, 1,240 अभिप्राय! अहो, आजवर माझी चारशे पाकिटंही गेली नसतील. म्हणजे गिऱ्हाइकाच्या लेखी लबाड मीच.

सर्च कन्सोल, म्हणजे साइट गूगलवर कशी चाललीय ते मालकाला दाखवणारं गूगलचं खातं, त्या गॅरंटीवाल्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. ते आपल्याच ईमेलवर ठेवा, कुणी कितीही गोड बोललं तरी. भाच्याने माझ्या नावाने मालकी सिद्ध केली, तर आत मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे नियम मोडल्याबद्दल गूगलने केलेल्या कारवाईची, नोटीस पडलेली. मजकूर काढून फेरविचाराची विनंती पाठवली आहे. उत्तर यायचंय. त्या गॅरंटीवाल्याचा फोन बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली.

खरं दुखणं होतं फोटोंचं. एकेक पाच एमबीचा, मोबाइलवर उघडता उघडत नसे. पानावरचं मुख्य चित्र अडीच सेकंदांत दिसावं अशी गूगलची अपेक्षा. भाच्याने सगळे एका संध्याकाळी लहान केले, आणि मजुरी म्हणून डबाभर नेवऱ्या घेऊन गेला.